पहिला श्रोता

संस्कृत साहित्यशास्त्रांत 'सहृदय' असा एक फार सुंदर शब्द आहे. कवीच्या हृदयाशीं ज्याचें हृदय जुळतें तो सहृदय. काव्य कवीनें रचावें हें खरें. परंतु तें पूर्णतेस जातें तें सहृदयाच्या ठिकाणीं, असें अभिनवगुप्तादि आचार्यांचें मत आहे. हा शब्द मी पाठशाळेंत शिकलों, पुढें शाळेंत मुलांना समजावून सांगितला, आणि आपण स्वतः सहृदय आहों याविषयीं मला सेवानिवृत्तीपर्यंत कधीं शंका आली नाहीं. ती शंका गेल्या चातुर्मासांत एका परदेशी ध्वनिमुद्रिकेनें उत्पन्न केली. ती हकीकत थोडक्यांत सांगावी असें मनांत आहे.

आमचें घर वाईस आहे. घर जुन्या वळणाचें आणि अद्याप एकत्र; खालीं माजघर, वर माडी. माडीवर धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचें राज्य. एके दिवशीं भोजनोत्तर मी नुकता आडवा झालों होतों, तोंच माडीवरून गलका ऐकूं आला. चारसहा पुरुष पुष्कळ दिवसांनीं भेटून एकमेकांची विचारपूस करीत आहेत असा तो आवाज होता. त्यामागून कसलेंसें फुंकवाद्य, आणि मग गाणें. पाहुणे आले आणि मला कोणीं वर्दी दिली नाहीं असें वाटून मी जिना चढलों. पाहतों तों चिरंजीव एकटेच डोळे मिटून बसलेले.

"अरे, हें काय चाललें आहे?" मीं विचारलें.

"काका, या गाण्याचें नांवच तें आहे," तो हंसून म्हणाला.

मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. मार्व्हिन गे या अमेरिकन गायकाची, २१ मे १९७१ रोजीं प्रसिद्ध झालेली, 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही तबकडी तो ऐकत होता. आणि त्या नांवाचा मराठी अर्थ मीं विचारलेल्या प्रश्नाहून निराळा नाहीं.

"हा म्हणतो तरी काय?" मीं विचारलें. इंग्रजी मला वाचतां येतें, पण त्या लोकांचे गाण्यांतले उच्चार माझ्या कानाला उमगत नाहींत. चिरंजीवांनीं सांगितलें कीं, हा गायक प्रथम आईला हांक मारतो, मग भावाला, आणि मग वडिलांकडे वळून भांडण वाढवूं नका म्हणून विनवितो. देशांत युद्धाचें आणि दंग्यांचें दुःख भरून राहिलें आहे, तें तो घरांतल्या माणसांना सांगतो आहे. हें ऐकून मी खालीं बसलों. राज्यकर्त्यांवरची टीका मीं आयुष्यांत पुष्कळ वाचली आहे; पण देशाचें गाऱ्हाणें आई, भाऊ आणि वडील या तीन हांकांत मावतें हें माझ्या कधीं मनांत आलें नव्हतें.

या गायनप्रकाराला 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत जीं भक्तिगीतें गातात त्यांना गॉस्पेल अशी संज्ञा आहे. मुख्य गायक एक ओळ म्हणतो, समुदाय तिला उत्तर देतो. आपल्याकडे कीर्तनांत बुवांच्या मागें झीलकरी ध्रुपद उचलून धरतात, तसाच कांहींसा हा प्रकार. १९५४ सालीं रे चार्ल्स नांवाच्या अंध गायकानें अशा एका भक्तिगीताच्या वळणावर ऐहिक प्रेमाचें गाणें ध्वनिमुद्रित केलें, आणि अशा गाण्यांनीं कित्येक भाविकांना पवित्र वस्तूला विटाळ झाल्यासारखें वाटलें. आमच्याकडे कोणी अभंगाची चाल उचलून लावणीला लावली असती तर जी कुरकुर झाली असती, तशीच ती. परंतु त्या विटाळांतूनच सोल संगीत वाढलें. देवाला मारावयाची हांक माणसाला मारली, म्हणून तिच्यांतली आर्तता कमी झाली नाहीं.

मार्व्हिन गे हा या परंपरेचा खरा पुत्र. त्याचा जन्म २ एप्रिल १९३९ चा, वॉशिंग्टन शहरांतला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे उपदेशक होते. आई दुसऱ्यांच्या घरीं काम करून संसाराला हातभार लावीत असे. मुलगा लहानपणापासून वडिलांच्या प्रार्थनासभांतून गाऊं लागला. घरांत वडिलांचा धाक असा कीं मारहाण ही नित्याची. मुलाला आधार काय तो आईचा. कुळाचें आडनांव 'गे' असेंच उच्चारीत. मुलानें प्रसिद्धीस येतांना त्याच्या स्पेलिंगांत शेवटीं एक अक्षर वाढविलें, एवढाच पितापुत्रांच्या नांवांत फरक. दोघांचें पाळण्यांतलें नांवही एकच, मार्व्हिन.

पुढें तो डेट्रॉइटला गेला. तें मोटारींचें शहर. तेथें बेरी गॉर्डी नांवाच्या गृहस्थानें, जो पूर्वीं मोटारींच्या कारखान्यांत कामगार होता, १९५९ सालीं कुटुंबाच्या सामायिक शिलकेंतून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रणाचा धंदा काढला. तीच पुढें जगप्रसिद्ध झालेली 'मोटाउन' कंपनी. एका साध्या घरांत तिचें काम चाले. गॉर्डीनें कारखान्याची शिस्त गाण्याला लावली. एकानें शब्द लिहावे, दुसऱ्यानें चाल बांधावी, तिसऱ्यानें गावें; आणि ठराविक दिवशीं बैठक भरवून मतें घेऊन कोणतें गाणें बाजारांत पाठवावयाचें आणि कोणतें कपाटांत ठेवावयाचें याचा निकाल लावावा. या रीतीनें त्यानें कृष्णवर्णी गायकांचीं गाणीं गोऱ्यांच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोंचविलीं. ही कामगिरी लहान नव्हे.

मार्व्हिनचें लग्न या गॉर्डीच्या बहिणीशीं झालें होतें. म्हणजे जो मालक तोच मेहुणा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना या नात्यांतील अवघडपणा निराळा समजावून सांगावयास नको. कामाचा मतभेद रात्रीं जेवणाच्या पानावर येऊन बसतो, आणि घरांतला रुसवा सकाळीं कचेरींत हजर होतो.

या कंपनींत मार्व्हिन दहा वर्षें प्रेमगीतें गाइला आणि लोकप्रिय झाला. १९६८ सालीं त्याचें एक गाणें अमेरिकेंत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. मौज अशी कीं, हेंच गाणें पूर्वीं कंपनीच्या बैठकींत नापसंत ठरून पडून राहिलें होतें. परीक्षक चुकतात, याचा हा पुरावा घरांतच होता. पण असल्या पुराव्यानें परीक्षक क्वचितच सावध होतात. हें मी स्वानुभवानें सांगतों, तो अनुभव पुढें येईलच.

यश मिळालें तरी मनाला स्वास्थ्य नव्हतें. त्याच्याबरोबर युगुलगीतें गाणारी टॅमी टेरेल ही तरुण गायिका १९६७ सालीं रंगमंचावर त्याच्या हातांत कोसळली. तिच्या मेंदूंत गांठ होती. १६ मार्च १९७० रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं ती वारली. मार्व्हिननें जाहीर गाणें सोडून दिलें. त्याचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धांत सैनिक होता. त्याचीं पत्रें येत, आणि परत आल्यावर त्यानें जें पाहिलें तें सांगितलें. डेट्रॉइटमध्यें १९६७ च्या जुलैंत जो दंगा झाला त्यांत ४३ माणसें मेलीं होतीं. बाहेर हें असें, आणि आपण मात्र मधुर प्रेमगीतें गात बसलों आहों, हा सल त्याला टोंचूं लागला.

गाण्याचें बीज दुसऱ्याचें आहे. 'फोर टॉप्स' या गायकमंडळींतील ओबी बेन्सन यानें १९६९ च्या मे महिन्यांत बर्कली येथें एका उद्यानाच्या जागेवरून पोलिसांनीं तरुणांवर चालविलेली मारहाण पाहिली. त्यानें आणि अल् क्लीव्हलंड यानें मिळून एक गाणें बांधलें. त्याच्या सहकाऱ्यांना तें नको झालें. असलीं निषेधाचीं गाणीं आपलीं नव्हेत, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां बेन्सननें तें मार्व्हिनला दिलें, आणि मार्व्हिननें त्यांत आपल्या घराचें दुःख घालून तें आपलें केलें.

१९७० च्या जूनमध्यें ध्वनिमुद्रण झालें. मीं माडीवर जो गलका ऐकला तो खरोखरच मित्रांचा होता. त्यांत डेट्रॉइटच्या फुटबॉल संघांतले दोन खेळाडूही आहेत. आरंभींचें सॅक्सोफोन हें फुंकवाद्य वाजविणारा ईलाय फाँटेन आपलें वाद्य नुसतें जुळवून पाहत होता. मार्व्हिननें तेंच पुरें म्हणून ठेवून घेतलें, असें सांगतात. गाण्यांत एकाच गायकाचे दोन आवाज एकमेकांत गुंफलेले ऐकूं येतात, तोही यंत्रावरील माणसाच्या चुकीचा प्रसाद. निवड करावी म्हणून दोन वेळां गाइलेलें त्यानें चुकून एकदम वाजविलें, आणि मार्व्हिनला तें आवडलें. एक आवाज प्रश्न करतो, दुसरा त्याला धीर देतो असें वाटतें. जुन्या कीर्तनकाराच्या पोरानें समुदायाविना समुदाय उभा केला, असें मला म्हणावेंसें वाटतें.

हें गाणें गॉर्डीला पटलें नाहीं. प्रेमगीतांनीं मिळविलेला श्रोता निषेधाच्या गाण्यानें गमवावयाचा, हें त्या व्यवहारी मनुष्याला वेडेपण वाटलें. मी त्याला खलपुरुष ठरवीत नाहीं. ज्यानें उसन्या पैशांवर घर उभें केलें त्याला प्रत्येक नवी खिडकी भिंतीला पडलेलें भगदाड वाटतें. परंतु मार्व्हिनही हटून बसला. हें गाणें निघेपर्यंत दुसरें कांहीं ध्वनिमुद्रित करावयाचें नाहीं असें त्यानें कळविलें. अखेर १९७१ च्या जानेवारींत कंपनींतल्या दुसऱ्या अधिकाऱ्यांनीं तें बाजारांत आणलें, आणि थोड्याच दिवसांत तें लाखानें खपूं लागलें. मग मेहुणे स्वतः आले आणि याच धर्तीची संपूर्ण तबकडी लौकर करून दे म्हणूं लागले. ती मार्च महिन्यांत थोड्या दिवसांत झाली.

तींत नऊ गाणीं आहेत आणि तीं सारीं छत्तीस मिनिटांच्या आंत संपतात. गाणीं सुटीं नाहींत. एकाच्या पोटांतून दुसरें निघतें. पहिल्यांत प्रश्न, दुसऱ्यांत युद्धावरून परतलेला सैनिक गांवांतली खुशाली विचारतो आणि आपल्याला कोठें काम मिळेल का याची चौकशी करतो, पुढें व्यसनांत बुडालेला तरुण, मुलाबाळांची चिंता, ईश्वराचें स्मरण, मग समुद्रांत सांडलेलें तेल, माशांत शिरलेला पारा आणि दूषित वारा यांविषयींचा शोक. पृथ्वीच्या रक्षणाचा पहिला 'वसुंधरा दिन' अमेरिकेंत १९७० च्या एप्रिलमध्यें पाळला गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे हें गाणें किती वेळेवर आलें तें कळतें. शेवटचें गाणें शहरांतल्या गरीब वस्तींचें. कर, महागाई, पोलिस आणि हतबलता. आणि तें संपतां संपतां पहिल्या गाण्याचा सूर पुन्हां येतो. मीमांसकांनीं ग्रंथाचें तात्पर्य ओळखण्याचें पहिलें लक्षण सांगितलें आहे तें उपक्रम आणि उपसंहार यांची एकता. डेट्रॉइटच्या त्या गायकानें मीमांसा वाचली नव्हती; पण त्याचें तात्पर्य पक्कें होतें, म्हणून लक्षण आपोआप उतरलें.

लोकांनीं तबकडीचें स्वागत मनापासून केलें. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादींत ती पहिली आली, सर्वसाधारण यादींत सहावी. तिच्यांतील तीन गाणीं देशांतल्या पहिल्या दहांत गेलीं. आणखी एक गोष्ट झाली, ती मला विशेष वाटते. कंपनीचे वादक वर्षानुवर्षें पडद्याआड राबत. त्यांचीं नांवें वेष्टनावर छापण्याची चाल नव्हती. या तबकडीच्या वेष्टनावर तीं छापलीं गेलीं. जेम्स जेमर्सन हा त्यांतला मंद्र तंतुवाद्याचा महान वादक. वेष्टनावर मार्व्हिनचें चित्र आहे तें पावसांत उभें राहिलेलें, कॉलर वर केलेली, केसांवर थेंब. आंत त्याच्या घरच्या माणसांचीं छायाचित्रें आहेत. १ मे १९७२ रोजीं वॉशिंग्टन शहरानें त्याच्या नांवाचा दिवस पाळला, आणि त्या दिवशीं केनेडी सेंटरमध्यें तो पुष्कळ काळानें लोकांसमोर गाइला.

सर्वांनींच वाहवा केली असें मात्र नाहीं. कांहीं समीक्षकांना तंतुवाद्यांचा गोडवा चित्रपटांतल्या पार्श्वसंगीतासारखा बेतलेला वाटला. ब्रिटनमध्यें तर तेव्हां तिच्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. आणि त्याच ब्रिटनमधल्या 'एन्. एम्. ई.' या संगीतपत्राच्या लेखकांनीं १९८५ सालीं तिला सर्व तबकड्यांत पहिलें स्थान दिलें. २००३ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. त्याच वर्षीं 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाच्या सर्वोत्तम पांचशें तबकड्यांच्या यादींत ती सहावी होती. २०२० मध्यें ती पहिली झाली. भवभूतीनें मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे या विचारानें स्वतःची समजूत घातली आहे, ती आठवते. परंतु एवढ्यावर समाधान मानून चालत नाहीं. जो सहृदय पुढच्या पिढींत जन्मास यावयाचा तो येईल तेव्हां येईल. ज्याच्यापुढें पहिल्यानें गाइलें जातें त्याची जबाबदारी त्यामुळें टळत नाहीं.

चिरंजीवांनीं ही सारी माहिती मला हप्त्याहप्त्यानें दिली. शेवटीं एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर, माजघरांत सर्वांनीं मिळून ती तबकडी सबंध ऐकावी असें ठरलें. आमच्या घरींही तिचें निरनिराळें स्वागत झालें. धाकटे बंधू म्हणाले, "गळा उत्तम आहे, पण इतकीं दुःखें सांगतांना आवाज चढत कसा नाहीं?" त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आवाज चढविला असता तर तुम्ही ऐकलें असतें का?" बंधू गप्प झाले, आणि मीही.

आमच्या थोरल्या वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. इंग्रजीचें अक्षर त्यांना येत नाहीं. चिरंजीव पहिल्या गाण्याचा मतलब सांगत होता, तो ऐकून त्या म्हणाल्या, "हा आधीं आईला हांक मारतो. वडिलांचें नांव शेवटीं. म्हणजे याच्या घरांत वडिलांशीं बोलावयाची सोय नसणार."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मग त्यानें जें सांगितलें तें आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. १ एप्रिल १९८४ रोजीं, पंचेचाळिसावा वाढदिवस उद्यांवर आला असतां, लॉस एंजेलिस येथें आईवडिलांसाठीं स्वतः घेऊन दिलेल्या घरांत मार्व्हिन गे मरण पावला. वादावादी आणि झटापट झाली, आणि वडिलांनीं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्यानेंच वडिलांना दिलें होतें. न्यायालयानें वृद्ध पित्याला तुरुंगांत न पाठवितां देखरेखीवर सोडलें. ते १९९८ सालीं वारले.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं डोळ्यांना पदर लावला आणि त्या इतकेंच म्हणाल्या, "त्या माउलीचें कसें झालें असेल!" जें गाणें आईच्या हांकेनें सुरू झालें होतें, त्याचा शेवट आमच्या माजघरांत असा आईवर येऊन थांबला.

आतां माझा अनुभव सांगतों. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, त्याचें कारण तो पिता नव्हे. कोणाही बापानें असें करूं नये हें सांगण्यास मला गाण्याची गरज नव्हती. मला दिसत होता तो गॉर्डी. आणि त्याच्या जागीं मी.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका तालुक्याच्या गांवीं मी मराठी आणि संस्कृत शिकवीत असें. नववीच्या वर्गाला मीं 'माझें गांव' हा निबंधाचा विषय दिला. बहुतेकांनीं नदी, देऊळ, आमराई आणि यात्रा लिहिली, कारण मीं तसाच नमुना फळ्यावर दिला होता. गांवाच्या खालच्या अंगाच्या वस्तींतून येणारा एक मुलगा होता. अबोल, अक्षर मात्र मोत्यासारखें. त्यानें लिहिलें होतें पाण्याविषयीं. त्यांच्या आळीच्या नळाला पाणी कितव्या प्रहरीं येतें, तें किती हंडे पुरतें, त्याची आई रात्रीं कोणत्या वाटेनें आणि कोणाची नजर चुकवून पाणी आणते. आणि शेवटीं एक प्रश्न होता. वरच्या आळीला आणि आमच्या आळीला एकच गांव म्हणतात तें कां?

मीं तें वाचलें. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मीं तांबड्या शाईनें शेरा मारला, "विषयांतर. सुंदर वर्णन हवें." आणि वीसांपैकीं आठ गुण दिले. मला तो मुलगा अप्रिय होता असें नाहीं. उलट, परीक्षेंत असलें लिहिल्यास परीक्षक गुण कापील, तेव्हां त्याला आतांच सावध करावें, हाच माझा हेतु होता. गॉर्डीचाही हेतु वाईट नव्हता.

मुलगा हुषार होता. त्यानें माझा धडा नीट घेतला. पुढच्या निबंधांत त्यानें सूर्योदय लिहिला. पांखरें होतीं, दंवबिंदु होते, एक उपमा तर कालिदासाच्या वळणाची होती. मीं सोळा गुण दिले आणि निबंध वर्गांत वाचून दाखविला. मुलगा खालीं मान घालून बसला होता. मला तो विनय वाटला. त्यानंतर त्यानें मला पुन्हां कधीं प्रश्न विचारला नाहीं.

मार्व्हिन गे हटून बसूं शकला, कारण त्याच्यामागें दहा वर्षांची कीर्ति होती. चौदा वर्षांच्या मुलाच्या मागें कोण असतें? त्याच्यामागें असावयाचा तो मास्तर, आणि तोच तांबडी शाई घेऊन पुढें उभा. तो मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. त्याच्या हातून दुसरें कांहीं लिहिलें गेलें असेल तर तें माझ्यामुळें नव्हे, माझ्या विरुद्ध जाऊन. आणि लिहिलें गेलें नसेल, तर तें मात्र माझ्यामुळें. वहीं परत माझ्या हातीं आली तर मीं गुण बदलावे, एवढ्यानें कांहीं होण्यासारखें नाहीं. त्यानें मला प्रश्न विचारला होता, आणि मीं त्याला उत्तराऐवजीं गुण दिले होते.

'हें काय चाललें आहे?' हे शब्द एकच असतात, पण ते दोन प्रकारांनीं उच्चारतां येतात. वडील माणूस जिना चढून येतो आणि म्हणतो, तेव्हां त्याला उत्तर नको असतें. समोरच्यानें गप्प बसावें एवढेंच हवें असतें. तरुण माणूस तेंच म्हणतो, तेव्हां त्याला खरोखरच उत्तर हवें असतें, आणि तें आपल्याच माणसांकडून हवें असतें. नाहीं तर त्यानें आईला आणि वडिलांना हांक कशाला मारली असती? घरांत, शाळेंत आणि राज्यांत पुष्कळशीं भांडणें या दोन उच्चारांच्या टकरींतून निघतात असें मला आतां वाटूं लागलें आहे. प्रश्नाला प्रश्न समजणें, त्याला उर्मटपणा न समजणें, हें सहृदयतेचें पहिलें पाऊल असावें. तें मीं साहित्यशास्त्रांत वाचलें होतें. शिकलों मात्र नव्हतों.

आमच्या घरीं अजून दुपारच्या वेळीं माडीवर गाणीं लागतात. सगळींच मला आवडतात असें नाहीं. कांहीं तर अगदीं सहन होत नाहींत. तरी जिना चढून मी वर जातों, पूर्वींचाच प्रश्न विचारतों, आणि उत्तर ऐकण्यासाठीं खालीं बसतों. चिरंजीव आतां माझ्यासाठीं एक पाट भिंतीशीं टेकवून ठेवतात.